रानातली न दिसणारी बैलजोडी

मे महिन्याची १८ तारीख परभणीकडच्या शेतकऱ्यांना पाठ असते. १९७२ साली याच दिवशी परभणीचं कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि आज वसंतराव नाईकांचं नाव लावणाऱ्या या विद्यापीठाचा खरीप मेळावा वर्धापनदिनाच्या निमित्तानं भरतो. जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडची माणसं येतात, हिंगोली-नांदेडची येतात. मांडवात भाषणं चालू असतात, गर्दी मात्र बियाणे विक्रीच्या बाजूला. ऊन डोक्यावर, उपरणं कानाभोवती गुंडाळलेलं, खांद्यावर सोयाबीनची नाहीतर तुरीची बॅग. अलीकडे त्या बॅगेसोबत आणखी एक चीज घरी जाते: द्रवरूप जिवाणू खताची बाटली किंवा विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागानं तयार केलेलं 'बायोमिक्स'. हळद लावणारे तर बायोमिक्ससाठी लांबून येतात. उपयोगी बुरशी आणि जिवाणू यांचं ते मिश्रण. ते जमिनीत सोडलं की कंदकूज आटोक्यात राहते, मुळी पांढरी राहते, असा त्यांचा भरवसा.

या अंकाचा विषय 'माती' ठरला तेव्हा परभणीकडे वळावंसं वाटलं ते या बाटलीपायी. बाटलीत कोणते जिवाणू आहेत हे तिच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. ती ज्या रानात ओतायची त्या रानात आधीच काय राहतं, किती राहतं आणि काय खाऊन राहतं, हे मात्र शेतकऱ्याच्या हातातल्या कुठल्याच कागदावर नसतं.

हजार किलोंचा हिशेब

एक एकर जमीन घ्या आणि तिचा वरचा सहा इंचांचा थर डोळ्यांसमोर आणा. त्या मातीचं वजन साधारण आठ लाख किलो भरतं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला तर चार हजार किलो कर्ब झाला. हा कर्ब म्हणजे बहुतेक मेलेला माल: कुजलेली मुळं, पानं, शेण, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या कुजकटीचे मातीच्या कणांना चिकटून बसलेले अवशेष. त्यातला एक ते पाच टक्के भाग तेवढा जिवंत असतो. जिवाणू, बुरशी, ॲक्टिनोमायसिटीस आणि इतर सूक्ष्मजीव मिळून जे वजन होतं त्याला मृदाशास्त्रात सूक्ष्मजीव जैवभार म्हणतात.

मधला आकडा, तीन टक्के धरू. एकशेवीस किलो कर्ब. सूक्ष्मजीवाच्या वाळलेल्या शरीरात निम्मा कर्ब असतो, म्हणजे कोरडं वजन झालं दोनशेचाळीस किलो. जिवंतपणी त्याच्या शरीरात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते धरलं की आकडा हजार किलोंच्या घरात जातो. लाल कंधारी बैलांची एक भरलेली जोडी तेवढ्याच वजनाची असते.

थोडक्यात, दर एकराखाली एक बैलजोडी राबते आहे. ती कुणी विकत आणलेली नाही, पोळ्याला तिची शिंगं कुणी रंगवत नाही. पण वरच्या बैलजोडीचे दोन्ही गुण तिच्यात आहेत. ती काम करते आणि तिला चारा लागतो. परभणीच्या मातीबद्दल जे काही बोलायचं ते शेवटी या चाऱ्यापाशीच येऊन थांबतं.

तिच्या अंगावर ऐवजही असतो. कर्बाच्या आठव्या भागाएवढं नत्र धरलं तर या जोडीत पंधरा किलो नत्र आहे. युरियाच्या ४५ किलोंच्या पाऊण गोणीत जवळपास तेवढंच असतं. शिवाय स्फुरद, गंधक. फरक इतकाच की गोणीतलं नत्र एका पावसात वाहून जाऊ शकतं, जिवाच्या अंगातलं जात नाही. तो जीव मेला की मोकळं होतं, आणि शेजारी मूळ असेल तर त्याच्या तोंडी पडतं. शेणातलं असो, पाल्यातलं असो, नाहीतर गेल्या हंगामातल्या मुळांतलं, सेंद्रिय नत्र पिकाला मिळण्याआधी या जिवांच्या पोटातून जातं. दुसरी वाट जवळपास नाहीच.

क्लोरोफॉर्मची रात्र

इतके बारीक जीव तोलायचे कसे? मोजायला जावं तर चिमूटभर मातीत कोट्यवधी निघतात आणि त्यातले बहुतेक प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढतच नाहीत. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात जेन्किन्सन आणि पॉवल्सन यांनी १९७६ साली यावर एक सरळ, थोडा निर्दयी उपाय काढला. सगळ्यांना मारायचं आणि काय सांडलं ते मोजायचं. १९८७ मध्ये त्याच केंद्रातून या पद्धतीची सुटसुटीत आवृत्ती आली. आज जगभर बहुतेक ठिकाणी तीच चालते, आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांतही.

माती ओली असतानाच दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी लागते. काळ्या मातीशी गाठ पडते ती इथंच. जरा जास्त ओल असली की तिचे गोळे होऊन चाळणीची भोकं बुजतात, जरा कमी असली की ढेकळाचा दगड होतो. पेरणीला जो वापसा लागतो, प्रयोगशाळेलाही तोच लागतो. चाळलेल्या मातीचे दोन सारखे वाटे करायचे. एक बाजूला ठेवायचा. दुसरा जाड काचेच्या झाकणबंद भांड्यात, सोबत क्लोरोफॉर्मची छोटी वाटी. पंपानं भांड्यातली हवा ओढून घेतली की साध्या खोलीच्या तापमानाला क्लोरोफॉर्म उकळू लागतो आणि त्याची वाफ मातीच्या फटीफटीत शिरते. चोवीस तास भांडं अंधारात. दुसऱ्या दिवशी वाफ काढून टाकायची, दोन्ही वाटे पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणात घालून अर्धा तास हलवायचे आणि गाळायचे. ज्या मातीतले जीव फुटले तिच्या गाळलेल्या पाण्यात कर्ब जास्त उतरतो. मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत बसायचं. हिरवट रंग एका थेंबात विटकरी लाल होतो, तिथं थांबायचं. दोन वाट्यांतला फरक ठरलेल्या गुणकानं भागला की जिवंत वजन हाती येतं.

कोणता जिवाणू चांगला, कोणता रोगकारक, हे या पद्धतीत कळत नाही. खानेसुमारीत माणसाचा स्वभाव कळत नाही, तसंच. पण रान भरत चाललंय की खंगत चाललंय, हे सेंद्रिय कर्बाच्या आकड्यापेक्षा हे वजन किती तरी आधी सांगतं. एकूण कर्ब हलायला दहा-पंधरा वर्षं लागतात. जिवंत भाग दोन-तीन हंगामांत हलतो.

भेगा आणि मृग

परभणी जिल्हा बेसाल्टच्या खडकावर बसला आहे. त्या खडकाची झीज होऊन गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या पट्ट्यात भारी काळी माती तयार झाली. जिंतूरच्या डोंगराकडे आणि पालम-गंगाखेडच्या बालाघाटी उतारावर ती उथळ आणि मुरमाड होत जाते. भारी रानातली चिकणमाती ओलीनं फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जाईल अशा. वरचा भुगा भेगांत पडतो, खालची माती फुगून वर येते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं जुने लोक सांगतात, आणि मृदाशास्त्राची पुस्तकंही तेच सांगतात.

या उन्हात उघड्या काळ्या रानाचा पृष्ठभाग पन्नास अंशांपुढे तापतो. त्यात नांगरट झालेली. ढेकळं उलटीपालटी होऊन तापत पडलेली. नांगरटीमागं कारणंही आहेत; हराळी-कुंद्याच्या काशा वर येतात, बोंडअळीचे कोष उन्हात मरतात, त्यामुळे शेतकऱ्याला सरसकट दोष देणं सोपं असलं तरी खरं नाही. पण जमिनीतल्या जिवांना हे दिवस जड जातात. बरेच मरतात. काही बीजाणू होऊन पडून राहतात, काही अंगात क्षार-साखरा साठवून तग धरतात. मातीच्या बारीक कणांमधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्यांत जे दडलेले असतात ते त्यातल्या त्यात सुखरूप. भारी रानात अशा पोकळ्या पुष्कळ, मुरमाड रानात कमी. जिंतूरकडचं हलकं रान लवकर दमतं त्यामागचं हेही एक कारण.

आणि मग मृगाचा पाऊस येतो.

कोरड्या मातीत अचानक पाणी शिरलं की दाट साठवणीच्या पेशींत ते वेगानं घुसतं. काही पेशी फुटतात, काही घाईघाईनं साठा बाहेर टाकतात. मेलेल्यांवर आणि सांडलेल्यावर वाचलेले तुटून पडतात. काही तासांत मातीचा श्वास कितीतरी पटींनी वाढतो, कर्बवायू भरभरून बाहेर पडतो आणि पाठोपाठ नायट्रेटच्या रूपातलं नत्र मोकळं होतं. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडलं, म्हणून या उसळीला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसानंतर पीक का तरारतं, याचं अर्धं उत्तर आभाळात शोधलं जातं. बाकीचं अर्धं मातीत आहे.

पहिल्या सरीचा वासही याच जगातला. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन हा पदार्थ बनवतात. थेंब आपटला की तो हवेत उडतो. कनौजचे अत्तरवाले मातीचं अत्तर काढतात, कवी त्यावर लिहितात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवलं की तो वास मुळात मातीतल्या एका इवल्या उड्या मारणाऱ्या किड्याला बोलावण्यासाठी आहे. किडा येतो, जिवाणू खातो आणि त्याचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे नेतो.

अडचण एवढीच की नत्राची ही उसळी येते तेव्हा रानात पीक नसतं. पेरणी व्हायची असते, किंवा बी नुकतंच अंकुरलेलं असतं. पुढचा पाऊस जोराचा लागला तर ते नत्र खाली झिरपतं, नाहीतर चिबड रानात हवेत उडून जातं. कपाशीची धूळपेरणी करणारे या पहिल्या नत्राचा थोडा फायदा उठवतात, पण पावसानं दडी मारली तर बियाण्यासकट पैसा जातो. हा जुगार कुणी कुणाला शिकवू नये.

कच्चं शेणखत

"कच्चं खत टाकू नको, पीक पिवळं पडतं," हे गावातला कुणीही म्हातारा सांगेल. पाठोपाठ हुमणीचंही नाव घेईल. हुमणीचं कारण उघड आहे, भुंगेरे उकिरड्यातही अंडी घालतात. पिवळेपणाचं कारण मात्र जमिनीखालच्या जोडीच्या पोटात आहे.

सूक्ष्मजीवाच्या अंगात आठ-दहा भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात हे प्रमाण विसाच्या आसपास असतं. खाल्लेल्या कर्बातला अर्ध्याहून जास्त श्वासावाटे निघून जातो, त्यामुळे विसाचा घास त्याला नेमका पुरतो, थोडं उरतंही. कच्च्या खतात मात्र न कुजलेला काडीकचरा असतो, आणि पऱ्हाटीसारख्या लाकूडफाट्यात तर साठ-सत्तर भाग कर्बाला एक भाग नत्र. असा घास पुढ्यात आला की जीव भरमसाट वाढतात आणि कमी पडणारं नत्र मातीतून ओढून घेतात. पिकाच्या ताटातलंच ते. महिना-दीड महिना पीक उपाशी, पिवळं. पुढे चारा संपतो, जीव मरू लागतात, नत्र परत येतं; तोवर सोयाबीनचं निम्मं आयुष्य सरलेलं असतं.

म्हणून जुन्या वहिवाटीत खत वर्षभर उकिरड्यात कुजायचं, अक्षय तृतीयेच्या आगेमागे गाड्यांनी रानात जायचं आणि पावसाआधी वखरपाळीनं मातीत मिसळायचं. धनगरांची मेंढरं रात्रभर रानात बसवायची चाल होती. लेंडी आणि मूत थेट रानात, मोबदल्यात ज्वारी. अजूनही काही शिवारांत मेंढरं बसतात. पूर्वी धान्यावर ठरायचं, आता रोख बोलणी होतात.

गाठ फोडून पाहिली तर

पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी सोयाबीनचं रोप ओल असताना खुरप्यानं हलकेच उपटावं. ओढलं तर गाठी जमिनीतच राहतात. बुडाभोवतीची माती मोकळी करून काढावं लागतं. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतात. नखानं एखादी फोडली आणि आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामावर आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्याच एका प्रथिनाचा. हिरवी निघाली तर तिचं काम संपत आलेलं. पांढरी किंवा राखाडी निघाली तर भाड्यानं खोली घेऊन न कमावणारा भाडेकरू.

मूग, उडीद, तूर ही इथली जुनी पिकं. त्यांच्या गाठीतले जिवाणू या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सोयाबीन बाहेरून आलं. त्याला त्याचाच ब्रॅडीरायझोबियम लागतो. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या रानात तो बऱ्यापैकी स्थिरावतो, नव्या रानात बियाण्यासोबत द्यावा लागतो. इथं बाटलीचा उपयोग रोकडा आहे: किलोभर बियाण्याला दहा मिली, आधी बुरशीनाशक, मग जिवाणू, सावलीत सुकवून लगेच पेरणी. क्रम उलटला की जिवाणू बुरशीनाशकात मरतात. बाटली महिनाभर पत्र्याच्या दुकानात तापलेली असेल तर क्रम पाळूनही उपयोग नाही. आत काय उरलंय ते वास घेऊन कळत नाही.

मुळांशी संग करणाऱ्या बुरशीची गोष्ट निराळी. मायकोरायझा ही बुरशी ज्वारी, कपाशी, सोयाबीन, तूर सगळ्यांच्या मुळांत शिरते आणि मूळ जिथं पोहोचत नाही तिथून स्फुरद आणून देते. जिवंत मुळाशिवाय तिचं चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनींत, ज्या आपल्या काळ्या रानाच्या जातकुळीच्याच, एक विचित्र दुखणं दिसायचं. वर्षभर पड ठेवून ओल साठवलेल्या रानात पीक चांगलं येण्याऐवजी खुरटायचं. १९८७ मध्ये जे. पी. थॉम्पसन यांनी दाखवलं की पडीच्या काळात ही बुरशी उपाशी मरते आणि पिकाला स्फुरद मिळत नाही. रब्बी ज्वारीसाठी खरिपात भारी रान पड ठेवायची मराठवाड्याची जुनी रीत इतकी लांबलचक नाही, चार-पाच महिन्यांची आहे. तरी खरिपात मूग-उडदाचं पीक काढून मग ज्वारी घेणाऱ्याच्या पदरात शेंगांखेरीज आणखी काय पडतं, ते यावरून कळावं.

तुकड्यातुकड्यांची साक्ष

परभणीत शेतीवरचं संशोधन विद्यापीठाच्या कितीतरी आधीचं आहे. निजामी हैदराबाद संस्थानानं १९१८ मध्येच इथं मुख्य प्रयोग प्रक्षेत्र उभारलं. आज विद्यापीठाच्या शिवारात आखीव तुकड्यांचा एक प्रयोग २००६-०७ पासून चालू आहे. दीर्घकालीन खत प्रयोग हा देशव्यापी प्रकल्प १९७० मध्ये सुरू झाला, त्यातलं हे परभणीचं केंद्र. खरिपात सोयाबीन, रब्बीत करडई. एका तुकड्याला नुसतं नत्र, एकाला नत्र-स्फुरद, एकाला पूर्ण मात्रा, एकाला दीडपट, एकाला पूर्ण मात्रेबरोबर शेणखत, एकाला नुसतं शेणखत, एकाला काहीच नाही. दर वर्षी तेच, तिथंच. करडई शेतकऱ्यांच्या रानातून बरीचशी हद्दपार झाली, हरभऱ्यानं तिची जागा घेतली. करडई काढायला काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत.

अशा प्रयोगांचा निकाल देशभर सारखाच येतो, परभणीत काय किंवा १९८८ पासून ज्वारी-गव्हावर चाललेल्या अकोल्यात काय. सूक्ष्मजीवांचं वजन सर्वांत जास्त तिथं, जिथं पूर्ण खतमात्रेबरोबर शेणखत पडतं. सर्वांत कमी तिथं, जिथं काहीच पडत नाही. नुसत्या नत्राचा तुकडा तळाकडे.

'रासायनिक खतांनी माती मेली' हे वाक्य सभांमध्ये टाळ्या घेतं. तुकड्यांची साक्ष मात्र तशी नाही. खत दिलेल्या रानात पीक जोमानं वाढतं, मुळं जास्त होतात, मुळांतून झिरपणारा रस वाढतो, आणि काहीच न दिलेल्या रानापेक्षा तिथं जीवही जास्त असतात. जगभरातल्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांचा एकत्रित ताळा २०१४ मध्ये गाइसलर आणि स्को यांनी मांडला. रासायनिक खतांच्या तुकड्यांत जैवभार बिनखताच्या तुकड्यांपेक्षा सरासरी १५ टक्के जास्त निघाला. जमीन आम्ल होते तिथं तो घसरतो. आपल्याकडच्या चुनखडीच्या, विम्ल जमिनींना ती भीती फारशी नाही. मग बिघडतं कुठं? युरियाची गोणी आली तेव्हा शेणाची गाडी थांबली, तिथं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या काळ्या रानात १९७६ पासून दोन पद्धती शेजारीशेजारी लावल्या गेल्या. एकीकडे जुनी रीत: खरिपात पड, रब्बीत ज्वारी किंवा हरभरा. दुसरीकडे रुंद वाफे, पाण्याला वाट, ज्वारीत तूर, खतांची जोड. चोवीस वर्षांच्या सरासरीत जुन्या रीतीला हेक्टरी टनभर धान्य, सुधारित रानाला त्याच्या जवळजवळ पाचपट. सुधारित रानात कर्बही वाढला, जिवंत वजनही. एकाच काळ्या मातीनं दोन वेगळे संसार केले.

रिकामा उकिरडा

परभणीहून कुठल्याही दिशेला निघा, गावकुसाजवळचे उकिरडे लहान झालेले दिसतात. ट्रॅक्टर आला, बैल गेले, त्यांच्यामागोमाग शेण गेलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी पाच टन शेणखत ही नेहमीची शिफारस, म्हणजे एकरी दोन टन. त्यातून दोनशे किलोंच्या आसपास कर्ब जमिनीला मिळतो. गोठ्यात एक म्हैस असलेल्या घरानं पाच एकरांना हा हिशेब पुरवायचा कसा? वर गोदाकाठच्या आणि जायकवाडी कालव्याखालच्या उसात पाचट पेटतं. एकरी तीन-चार टन चारा एका काडीत संपतो. सोयाबीनचं भुसकट मळणीनंतर एका कोपऱ्यात ढीग होऊन पडतं, पुढं तेही जळतं. पऱ्हाटी चुलीला जाते नाहीतर बांधावर पडते, आणि बांधावरच्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी मजेत राहते. यंत्रानं बारीक कुट्टी करून पऱ्हाटी लवकर मातीत घातली तर अळीचाही बंदोबस्त होतो. पण कुट्टी यंत्राचं भाडं आणि काडेपेटीची किंमत यांत काडेपेटी जिंकते.

या पोकळीत दोन गोष्टी आल्या: बाटली आणि पिंप. पिंप जीवामृताचं, सुभाष पाळेकरांनी गावोगावी नेलेलं. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. बांधावरची माती घेण्यात शहाणपण आहे. नांगर न लागलेल्या, झाडाखालच्या मातीत जीव जास्त असतात. पण चाऱ्याचा हिशेब केला तर या सगळ्या पिंपात कर्ब जेमतेम अडीच किलो. खालच्या जोडीला तो घासभर. जीवामृत ज्यांना लागू पडलं त्यांच्या रानात बहुतेक वेळा आच्छादन असतं, आंतरपीक असतं, गाय असते. श्रेय पिंपाला मिळतं.

तिसरी वाट नांगरच सोडण्याची. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर गेली कित्येक वर्षं तिचा पाठपुरावा करतात. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्या, सूक्ष्मजीवांना तोच उत्तम चारा, हे त्यांचं सांगणं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा तंत्र भातात जन्मलं आणि कायम गादीवाफ्यांच्या रूपात मराठवाड्याच्या कपाशी-सोयाबीनपर्यंत आलं. भारी रानात त्याची परीक्षा पावसाळी वर्षात होते. तण उठतं, कोळपं चालत नाही, तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते. पण बुंधे रानातच ठेवून गादीवाफ्यावर टोकण करणाऱ्याच्या रानात पाणी मुरतं आणि निचराही होतो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली नदी-ओढ्याकाठची रानं खरडून निघाली. पंचनाम्यात पिकाचं नुकसान लिहिलं गेलं, खरडलेल्या जमिनीचं क्षेत्र लिहिलं गेलं. वरचे चार-पाच इंच गेले म्हणजे जिवंत वजनाचा मोठा वाटा गेला, कारण खाली जावं तसं ते झपाट्यानं घटतं. तळ्यातला गाळ आणून टाकला तर माती मिळते, पण ती कामाला लागायला तिला शेण, पाला आणि मुळं मिळावी लागतात. पहिल्या वर्षी अशा रानात ताग किंवा धैंचा गाडणं हा खर्च वाटतो. तो खरं तर पेंढीचा खर्च आहे.

पत्रिकेत नसलेला रकाना

१९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगढहून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी छापलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. नावात आरोग्य आहे, पण जिवंत अशा एकाही गोष्टीची मोजणी त्यात नाही. अडचण खरी आहे. त्या तपासणीला माती सावलीत वाळवून पाठवायची असते. जैवभारासाठी ओली, थंड ठेवलेली माती आणि एक दिवस-रात्र लागते. तालुक्याच्या प्रयोगशाळेवर आणखी एक ओझं टाकणं परवडणारं नाही हे मान्य. पण जिल्ह्याला एक याप्रमाणे, दर तीन वर्षांनी, ठरावीक गावांतल्या ठरावीक रानांचं जिवंत वजन काढायला काय हरकत आहे? प्रशिक्षित माणसं परभणीतच आहेत, उपकरणं आहेत, आणि दाखला द्यायला आखलेले तुकडे आहेत. कृषी विभागानं हे मनावर घ्यावं.

तोवर घरच्या घरी करण्यासारखा एक प्रयोग आहे. कॅनडा-अमेरिकेतले शेतकरी तो गंमत म्हणून करतात, परभणीसारख्या कापसाच्या मुलखात तर तो शोभून दिसेल. मृगाचा चांगला पाऊस झाला की शुद्ध सुती कापडाचे दोन सारखे तुकडे घ्या. टेरिकॉट चालणार नाही. एक पिकात, दुसरा बांधावर, सहा इंच खोल पुरा आणि खूण करून ठेवा. दोन महिन्यांनी काढून धुवा, वाळवा आणि शेजारी ठेवून पाहा. कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, खालच्या जोडीचा चाराच. जिथलं कापड जास्त फाटलं तिथं ती जास्त तगडी. बांधावरचा तुकडा चिंध्या होऊन आला आणि रानातला शाबूत निघाला, तर यंदाचं भुसकट पेटवू नका. उधई असलेल्या जागी मात्र कापड पुरू नका. ती सगळंच खाते आणि मग काही कळत नाही.